जुन्या बिअरच्या कृती वाचताना: गॅलन कुणाचा, क्वार्टर केवढा, आणि 'रक्ताहून जरा गरम' म्हणजे किती?

जवसातू
इथे बिअर पिण्यावरचे धागे पुष्कळ आहेत, बनवण्यावरचा दिसला नाही म्हणून काढतोय. मी लेस्टरला असतो, इंग्लंडात १९६३ पासून घरापुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये वीस लिटरची बॅच निघेल एवढा पसारा आहे आणि सध्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कृती करून बघायचा नाद लागलाय. सामान मिळतं, वेळही मिळतो, अडतं ते मापांपाशी.

सगळ्यात ओळखीच्या कृतीपासून सुरुवात करतो. जॉर्ज वॉशिंग्टन १७५७ साली व्हर्जिनियाच्या पलटणीत कर्नल होता, तेव्हाच्या त्याच्या वहीत हलक्या बिअरची कृती आहे, ती वही आता न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत आहे. मजकूर साधारण असा: मोठी चाळण भरून कोंडा घ्या, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चवीप्रमाणे, तीन तास उकळा, मग ३० गॅलन गाळून घ्या, ते कढत असतानाच ३ गॅलन मोलॅसिस घाला, रक्ताहून जराशी गरम राहीपर्यंत ठेवा, मग एक क्वार्ट (पाव गॅलन) यीस्ट घाला, थंडी फार असेल तर घोंगडी पांघरा, २४ तास तसंच फसफसू द्या, मग पिंपात भरा, जवळजवळ शांत होईपर्यंत बूच उघडं ठेवा, आणि केल्यापासून आठवड्याने बाटल्या भरा.

आता यात गॅलन कुठला? चाळण केवढी? चवीप्रमाणे म्हणजे कुणाच्या चवीप्रमाणे?

माझं मत असं झालंय की लोक पहिल्या ओळीपासूनच आकडे लिटरमध्ये बदलायला घेतात आणि तिथेच गाडी चुकते. आधी कुठला आकडा कुठल्या आकड्याला बांधलाय ते बघायचं. इथे ३० आणि ३ दोन्ही गॅलनच आहेत, म्हणजे गॅलन कुठलाही धरा, प्रमाण दहास एकच राहतं. वीस लिटर काढ्याला दोन लिटर मोलॅसिस, विषय संपला. दोन लिटर मोलॅसिस म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, एकूण बावीस लिटरात ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबण्याआधी द्रव पाण्याच्या किती पट जड ते) १.०३७ च्या जवळ येते आणि अल्कोहोल सव्वातीन-साडेतीन टक्के. हलकी बिअर म्हणतात ती अशीच असणार, म्हणजे हिशोब बरोबर दिशेने चाललाय.

रक्ताहून जरा गरम हे मला तर फार चांगलं माप वाटतं, सदतीस अंशांच्या किंचित वर, आणि ते मोजायचं उपकरण प्रत्येकाकडे जन्मापासून आहे. तुम्ही लोक या कृती कशा वाचता ते सांगा, कोंडा आणि मोलॅसिसबद्दल अजून शंका आहेतच.

मापटं_चिपटं
चांगला धागा, वाचनखूण साठवली.

गॅलनचं सांगतो. त्या काळात एकच गॅलन नव्हता. वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा, तो १७०७ मध्ये कायद्याने ठरला आणि अमेरिकेत आजही तोच चालतो, ३.७८५ लिटर. एल (कमी हॉप्सची बिअर) आणि बिअरचा गॅलन वेगळा, २८२ घन इंच, म्हणजे ४.६२ लिटर. मग १८२४ च्या कायद्याने इम्पीरियल गॅलन आला, अंमल १ जानेवारी १८२६ पासून, तो ४.५४६ लिटर. मोलॅसिस वाइनच्या गॅलनने विकलं जायचं, त्यामुळे वॉशिंग्टनच्या कृतीत दोन्हीकडे २३१ वाला धरावा असं मला वाटतं, पण तुम्ही म्हणता तसं प्रमाणाला फरक पडत नाहीच.

गंमत बघा, इंग्लंडातल्या जुन्या एल-गॅलन आणि इम्पीरियल गॅलनमध्ये फरक दीड-पावणेदोन टक्केच आहे, तो सोडून दिला तरी चालेल. खरा घोळ बॅरलचा आहे. लंडनमध्ये बिअरचं बॅरल ३६ गॅलनचं आणि एलचं ३२ चं, लंडनबाहेर १६८८ पासून दोन्हीला ३४, आणि सगळीकडे ३६ झालं ते १८०३ मध्ये. म्हणजे १७५० च्या कृतीत नुसतं बॅरल लिहिलेलं असेल तर कृती लंडनची की खेड्यातली, आणि पेय एल की बिअर, हे कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ३२ आणि ३६ मध्ये आठवा हिस्सा फरक पडतो, बिअर कडक की मध्यम हे तेवढ्याने ठरतं.

गुऱ्हाळ
मोलॅसिसवर लिहितो कारण आमच्याकडे उसाचंच घर आहे. जवसातू, दुकानातून काळं कडवट ब्लॅकस्ट्रॅप आणू नका. आत्ताची साखर कारखान्यातली मळी ही सेंट्रिफ्यूजमधून साखर पार पिळून काढल्यावर उरलेली असते, तिच्यात क्षार जास्त आणि आंबवता येणारी साखर त्या मानाने कमी. १७५७ ला सेंट्रिफ्यूज नव्हतं, रस आटवून साखर बांधली की तिच्यातून जे आपसूक निथळेल ते मोलॅसिस, म्हणजे गोडी भरपूर शिल्लक असलेलं. आपल्याकडची काकवी त्याच्यापेक्षाही स्वच्छ असते कारण तिच्यातून साखर काढलेलीच नसते, पण मळी आणि काकवी यातलं एक निवडायचं तर काकवीच जास्त जवळची. बेकिंगसाठी हलक्या रंगाचं मोलॅसिस मिळतं ते घेतलं तरी चालावं.

फक्त काकवी घेतली तर गोडी थोडी जास्त धरा, आणि गुळाला भेंडी वगैरे घालून वरचा मळ काढतात तशी मळ काढलेली नितळ काकवी बघून घ्या, नाहीतर तळाला साका फार बसतो.

वाफाळ
मी पुण्यात एका मायक्रोब्रूअरीत कामाला आहे. (इथल्या वाचकांसाठी, महाराष्ट्रात घरी बिअर करायला परवानगी नाही, आम्ही परवान्यावर करतो.)

कोंड्याबद्दल. तो तीन तास उकळायला सांगितलाय, म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होणार नाही, कारण साखर करणारी एन्झाइम उकळीत मरतात आणि कोंड्यात ती तशीही फार नसतात. म्हणजे कोंडा अल्कोहोलसाठी नाहीच, तो अंगासाठी आणि यीस्टच्या खुराकासाठी आहे, नुसत्या मोलॅसिसची बिअर पाण्यासारखी पातळ आणि तुरट लागते. त्यामुळे चाळण केवढी याने ग्रॅव्हिटीत जवळजवळ फरक पडत नाही. वीस लिटरला तीन-चारशे ग्रॅम घाला, कमीजास्त झालं तरी कृती मोडत नाही. कुठलं माप ढिलं सोडलंय आणि कुठलं बांधून दिलंय हे लिहिणाऱ्याला बरोबर माहीत होतं, ज्याने फरक पडतो ते त्याने गॅलनमध्ये सांगितलं आणि ज्याने पडत नाही ते चाळणीत.

एक क्वार्ट यीस्ट म्हणजे आजच्या पाकिटातलं कोरडं नव्हे हे लक्षात घ्या, तो आधीच्या बिअरवरचा फेस-गाळ, अर्धी बिअरच असते ती. तुमच्या बॅचला दीड-पावणेदोनशे मिली दाट स्लरी, नाहीतर एक पाकीट.

जवसातू
वा, एका दिवसात एवढं मिळालं. गुऱ्हाळदादा, काकवी इथे गुजराती दुकानात मिळते का बघतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो, इंग्लिश ब्रूअरीच्या कृती. त्यात माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) क्वार्टरमध्ये असतं आणि हॉप्स दर क्वार्टरला इतके पौंड असे. एक क्वार्टर म्हणजे ८ बुशेल, हे आकारमान. बुशेलचं भांडं तर माल्टवरच्या करासाठी कायद्यात चक्क मापून दिलंय, गोल, साडेअठरा इंच रुंद आणि आठ इंच खोल. गुणाकार केला की २१५० घन इंच येतात, विंचेस्टर बुशेल तोच, ३५.२ लिटर. पण भांड्यात बसणाऱ्या माल्टचं वजन माल्टवर अवलंबून, नीट फुललेलं माल्ट हलकं, कच्चं राहिलेलं जड. पुढे व्यवहारात बुशेलला ४२ पौंड धरायला लागले, म्हणजे क्वार्टर ३३६ पौंड, १५२ किलो. हे ३३६ फक्त माल्टचे, जवाचा क्वार्टर ४४८ पौंडांचा. अमेरिकेत माल्टचा बुशेल ३४ पौंडांचा. नुसतं बुशेल वाचून हिशोब करणाऱ्याचं काय होत असेल बघा.

तर समजा कृती म्हणते एका क्वार्टरमधून तीन बॅरल, हॉप्स ८ पौंड. एकोणिसाव्या शतकातली हिशोबवही असेल तर ३६ इम्पीरियल गॅलनचं बॅरल, १६३.७ लिटर, तीन बॅरल म्हणजे ४९१ लिटर. १५२ भागिले ४९१, लिटरला ३१० ग्रॅम माल्ट, वीस लिटरला ६.२ किलो. हॉप्स लिटरला ७.४ ग्रॅम, वीस लिटरला दीडशे ग्रॅमच्या जवळ. दीडशे ग्रॅम! आजच्या ताज्या गोल्डिंग्ज जातीच्या हॉप्सने हे कडूजहर होईल, ९० आयबीयूच्या (कडवटपणाचं एकक) पुढे जातंय. हे खरंच एवढं कडू प्यायचे?

वाफाळ
कडू प्यायचेच, पण तेवढं नाही. एक तर हॉप्स वर्षभर जुने, पोत्यात नुसते गोदामात ठेवलेले, कित्येकदा मुद्दाम जुने-नवे मिसळलेले. कडवटपणा देणारं आम्ल ठेवणीत कमी होत जातं, तिसरा हिस्सा सहज गेलेला असतो. दुसरं म्हणजे ती बिअर महिनोन् महिने पिंपात मुरायची, त्यातही कडूपणा उतरतो. तुम्ही दोन महिन्यांत पिणार असाल तर शंभर ग्रॅमवर या, वर्षभर ठेवणार असाल तर दीडशे तसेच राहू द्या.

माल्टचंही तसंच. त्यांच्या वह्यांत एका क्वार्टरमधून ८० ते ९० पौंड एक्स्ट्रॅक्ट (पाण्यात उतरलेली गोडी) निघायचं. हे पौंड समजून घ्या कारण जुन्या इंग्लिश वह्यांत ग्रॅव्हिटी याच पौंडांत असते: एका बॅरल पाण्याचं वजन ३६० पौंड, वर्टचं (माल्टमधून काढलेलं, अजून न आंबवलेलं गोड पाणी) बॅरल त्यापेक्षा जितके पौंड जड तितकी त्याची ताकद. एक पौंड म्हणजे आपल्या मोजणीचे २.७७ अंश (१.०३७ म्हणजे ३७ अंश). ८४ पौंडांचे तीन बॅरल केले तर बॅरलला २८, गुणिले २.७७, म्हणजे १.०७८. ही गोष्ट जॉन रिचर्डसनची, हलचा ब्रूअर, त्याने १७८४ मध्ये हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण) या पद्धतीने मांडला. त्यामुळे त्यानंतरच्या वह्यांत तुम्हाला दोन वाटा मिळतात, माल्टवरून हिशोब आणि ग्रॅव्हिटीवरून हिशोब, दोन्ही जुळले की समजायचं बॅरल आणि क्वार्टर बरोबर ओळखलेत. १७८४ च्या आधी फक्त माल्ट, तिथे पडताळा नाही.

आणि त्याच हायड्रोमीटरने ब्राउन माल्टची पोल उघडली. पोर्टर (लंडनची काळसर बिअर) पूर्वी ब्राउन, म्हणजे जास्त भाजलेल्या माल्टची असायची, ते क्वार्टरमागे स्वस्त पडायचं म्हणून, पण मोजल्यावर दिसलं की पेल (फिकट, कमी भाजलेल्या) माल्टपेक्षा त्यातून एक्स्ट्रॅक्ट खूपच कमी निघतं. मग लंडनच्या ब्रूअरनी पेल माल्ट वाढवत नेलं. जुनी पोर्टर करायची असेल तर आजचं ब्राउन माल्ट सगळंच्या सगळं घालू नका, आजच्यात स्टार्चची साखर करण्याइतकी एन्झाइम नसतात.

मापटं_चिपटं
जवसातू, तीन बॅरलचं ठीक आहे, पण जुन्या कृतीत अजून एक खड्डा आहे त्यात बहुतेक जण पडतात. समजा कृती म्हणते, एक क्वार्टर माल्ट, दीड बॅरल कडक बिअर. वाफाळ यांच्या पद्धतीने ८४ भागिले दीड, ५६ पौंड, १.१५५. एवढा दाट वर्ट नुसत्या मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं माल्ट) उतरतच नाही. मग काय झालं? त्याच माल्टवर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गरम पाणी घालून त्यातून मधली आणि हलकी बिअर काढलेली असते, आणि ती कृतीत चार ओळी खाली एका वाक्यात असते किंवा घरोघर माहीत म्हणून लिहिलेलीच नसते. पहिल्या पाण्यात साधारण साठ-बासष्ट टक्के गोडी उतरली असं धरलं तर दीड बॅरल १.०९५ च्या आसपास येतं, आणि आता ते शहाण्यासारखं दिसतं. उरलेली अडतीस-चाळीस टक्के पोराबाळांच्या आणि गड्यांच्या रोजच्या पिण्याला जायची.

म्हणून कृतीत माल्ट फारच उधळलेलं दिसलं तर जुने लोक राक्षसी कडक प्यायचे असा निष्कर्ष काढण्याआधी दुसरी बिअर कुठे गेली ते शोधा.

इसारकाठ
म्युनिकहून लिहितेय. धागा वाचून उत्साह आला. आमच्या घरमालकांच्या घराण्यात पूर्वी लहान ब्रूअरी होती, त्यांच्याकडे एक वही आहे, मी जर्मन वाचते पण बिअरमधलं कळत नाही. त्यात मॅशच्या पायऱ्यांपुढे असं आहे: २८, ४२, ५२, ६०, नुसते आकडे आणि पुढे अंशाची खूण. सेल्सिअस धरलं तर ५२ ला काय होणार? ते आजोबा म्हणतात त्यांच्या आजोबांची बिअर उत्तम असायची.

जवसातू
ताई, रोमर! जर्मनी-ऑस्ट्रियात जुन्या ब्रूअर लोकांचा थर्मामीटर रोमरचा असायचा, त्यात पाणी ८० ला उकळतं. सव्वाने गुणा. २८ म्हणजे ३५, ४२ म्हणजे साडेबावन्न, ५२ म्हणजे ६५, ६० म्हणजे ७५. ही हुबेहूब डिकॉक्शनची शिडी आहे, मॅशचा एक हिस्सा बाहेर काढायचा, उकळायचा, परत ओतायचा, की सगळं एक पायरी चढतं. वहीत प्रत्येक पायरीआधी उकळण्याची वेळ दिली असेल बघा.

वाफाळ
+१, रोमरच आहे. आणि डिकॉक्शन मला म्हणूनच आवडतं, ते थर्मामीटर नसतानाचं गणित आहे. ३५ अंशांच्या मॅशचा तिसरा हिस्सा उकळून परत घातला की कागदावर ५६-५७ येतात, उकळलेला हिस्सा घट्ट असतो आणि वाटेत उष्णता जाते म्हणून प्रत्यक्षात बावन्नच्या जवळ. मोजायचं काय, तर फक्त भांडी. इंग्लिश लोकांनी तेच दुसऱ्या वाटेने केलं: दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग विहिरीचं गार घाला, ७०-७२ अंश येतात, माल्ट पडलं की खाली उतरून चांगल्या मॅशच्या जागी. काही कृतींत पाणी उकळून वाफ निवळेपर्यंत आणि त्यात तोंड दिसेपर्यंत थांबा असं असतं, तेही याच मापाच्या आसपास नेणारं. १७५८ मध्ये मायकेल कॉम्ब्रूनने ब्रूइंगवरच्या पुस्तकात थर्मामीटरचा आग्रह धरला, तोवर हेच चालायचं आणि चांगलं चालायचं.

इसारकाठ
वेळा दिल्यात! ५२ च्या आधी अर्धा तास उकळा असं आहे. आजोबांना वाचून दाखवलं, ते खूश. अजून एक, शेवटी बिअर आयमरमध्ये आहे, लिटर नाही.

मापटं_चिपटं
म्हणजे वही १८७२ च्या आधीची किंवा जुन्या सवयीची, कारण जर्मनीत मेट्रिक १ जानेवारी १८७२ पासून सक्तीचं झालं. बव्हेरियात आयमर दोन: एक ६४ मासचा आणि एक ६० मासचा, आणि मास १.०६९ लिटरचं. पहिला साधारण ६८.४ लिटर, दुसरा ६४. पहिला मोजणीचा, दुसरा विक्रीचा. ब्रूअरीच्या आतली वही आहे म्हणून आधी ६४ मासवाला धरून बघा आणि माल्टशी जुळतंय का तपासा.

पोथीवाचक
एवढं सगळं परदेशी चाललंय म्हणून आपल्याकडची एक कृती ठेवतो, कारण तुमचे सगळे प्रश्न तिच्यात जसेच्या तसे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या अध्यायात मेदक आहे, तांदळाची बिअरच ती: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व (आंबवण) तीन प्रस्थ. चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. सगळं प्रस्थात आणलं की पाणी १६, तांदूळ २, किण्व ३.

आता बघा, किण्व तांदळाच्या दीडपट. किण्व म्हणजे चिमूटभर यीस्ट धरलं तर ही कृती वेडगळ वाटते. पण किण्व कसं करायचं तेही तिथेच दिलंय, उडदाचा द्रोणभर कल्क (वाटण), कच्चा किंवा शिजवलेला, त्यात त्रिभागाने अधिक तांदूळ, आणि मोरटा वगैरे वनस्पती एकेक कर्ष (पाव पल). म्हणजे आंबवणाच्या सोबत धान्यही त्यातच आलं. खरं धान्य दोन नव्हे, जवळजवळ पाच प्रस्थ.

आणि द्रोण कुठला? मापांच्या अध्यायात चार द्रोण आहेत, उडदाच्या वजनावर: सरकारी वसुलीचा २०० पलांचा, व्यवहाराचा साडेसत्याऐंशी वर शंभर, नोकरचाकरांना वाटपाचा १७५, आणि अंतःपुराचा साडेबासष्ट वर शंभर. घेताना मोठं माप, देताना लहान. शिवाय माप शिगेचं असेल तर शीग चौथा हिस्सा धरून भांडं करावं हेही सांगितलंय.

मापटं_चिपटं
शिगेचं तर इंग्लंडातही होतं, कोळसा, चुना, फळं शिगेने आणि धान्य सपाट, १८३५ च्या कायद्याने शीग बंद झाली. आपल्याकडे पायली चार शेरांची हे सगळीकडे सारखं, पण शेर गावागणिक वेगळा. पोथीवाचक, लिटरात आणायचं तर द्रोण केवढा धरता? आयुर्वेदाच्या तक्त्यात १२.२८८ किलो आहे.

पोथीवाचक
तो इथे लावू नका. तो तक्ता ४८ ग्रॅमच्या पलावर आहे, कर्ष १२ ग्रॅम धरून. अर्थशास्त्रातला पल ३२० गुंजांचा, गुंज ०.१२ ग्रॅमच्या आत धरली तर पल ३८ ग्रॅमच्या जवळ. २०० पल उडीद म्हणजे साडेसात किलो, तेवढे उडीद नऊ-साडेनऊ लिटरच्या भांड्यात बसतात. आयुर्वेदात पातळ पदार्थाला माप दुप्पट धरायचा जो नियम आहे तोही इथे आपण होऊन लावू नये, पाणी दुप्पट झालं तर मेदक निम्म्याने पातळ होईल.

जवसातू
म्हणजे नऊ लिटर पाण्याला तांदूळ ९०० ग्रॅम आणि किण्व १.७ लिटर. वॉशिंग्टनची बॅच पुढच्या महिन्यात लावतोय, काकवीच घेणार, वीस लिटरला दोन लिटर, कोंडा ३५० ग्रॅम, गोल्डिंग्ज २० ग्रॅम. ग्रॅव्हिटीचे आकडे इथेच टाकेन. मेदकासाठी आधी किण्व जमायला हवं, पोथीवाचक, मोरटा वगैरे जी यादी आहे त्यातलं आज काय काय ओळखता येतं ते वेगळ्या धाग्यात लिहाल का? उडदाचा कल्क कच्चा घ्यायचा की शिजवलेला यावरही वाफाळ यांचं मत हवंय.

वाफाळ
दोन्ही करून बघा, अर्धा अर्धा. कच्च्यात धान्यावरची बुरशी-यीस्ट जिवंत राहतात, शिजवलेल्यात बाहेरून यावी लागतात, म्हणजे शिजवलेल्याला जुन्या किण्वाचा तुकडा विरजणासारखा लावावा लागेल. बरण्यांवर तारीख आणि तापमान लिहायला विसरू नका, लेस्टरच्या थंडीत पाटलीपुत्राचे दिवस लागू होणार नाहीत.